‘कामकाज मॅन्युअल पद्धतीने सुरू आहे’ म्हणजे नेमके काय?

एखाद्या रुग्णालयावर, तेलवाहिनीवर किंवा कारखान्यावर सायबर हल्ला झाल्याची बातमी आली की तिच्या शेवटी हमखास एक वाक्य असते : ‘कामकाज सध्या मॅन्युअल पद्धतीने सुरू आहे.’ नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर हल्ला झाला, तेव्हा हे वाक्य आपण जवळजवळ दोन आठवडे वाचत होतो. रुग्णालयाच्या बाबतीत त्याचा अर्थ चटकन कळतो. केसपेपर हाताने लिहायचा, तपासणीचा अहवाल कागदावर द्यायचा आणि रांग लांबली तरी काम रेटायचे. जुलै २०२४ मध्ये तर हल्लाही झाला नव्हता. एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले आणि आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांच्या हातात पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास आले.

पण वीजकेंद्र ‘हाताने’ चालवायचे म्हणजे काय करायचे? पाणी शुद्ध करणारे केंद्र किंवा रसायनांचा कारखाना वही-पेनाने कसा चालेल? ज्या शहराच्या आसपास कोराडी, खापरखेडा आणि मौदा ही मोठी औष्णिक वीजकेंद्रे आहेत आणि ज्याचे पिण्याचे पाणी पेंच व कन्हानमधून येते, त्या नागपुरातल्या वाचकाला हा प्रश्न पडायलाच हवा. माझे कामाचे आयुष्य कारखान्यांतली मोजमापाची उपकरणे बसवण्यात आणि दुरुस्त करण्यात गेले. त्या अनुभवावरून सांगतो की हे वाक्य बातमीत जितक्या सहज लिहिले जाते तितक्या सहज ते प्रत्यक्षात उतरत नाही.

## यंत्र चालवते कोण?

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीपासून सुरुवात करू. पूर्वी मोटर लावली की घरातले कोणीतरी ओव्हरफ्लोच्या पाइपकडे कान देऊन बसत असे आणि पाणी सांडल्याचा आवाज आला की धावत जाऊन बटण बंद करत असे. आता टाकीत सेन्सर असतो. पाणी खाली गेले की मोटर आपोआप सुरू होते आणि टाकी भरली की बंद होते. या छोट्याशा सोयीत तीन वेगवेगळी कामे आहेत : पाण्याची पातळी पाहणे, मोटर कधी चालवायची ते ठरवणे आणि ती प्रत्यक्ष चालू-बंद करणे.

मोठ्या केंद्रात हीच तीन कामे शेकडो ठिकाणी एकाच वेळी सुरू असतात. पाहण्याचे काम सेन्सर करतात. ठरवण्याचे काम पीएलसी करतो. पीएलसी म्हणजे धूळ, उष्णता आणि धक्के सोसेल असा मजबूत बनवलेला छोटा संगणक, जो लोखंडी कपाटात म्हणजे पॅनलमध्ये बसवलेला असतो आणि वर्षानुवर्षे तेच ते काम न थकता करतो. प्रत्यक्ष कृती मोटर, व्हॉल्व्ह आणि विजेचे ब्रेकर म्हणजे वीज जोडणारे-तोडणारे मोठे स्विच करतात. अशा अनेक पीएलसींकडून माहिती गोळा करून ती कंट्रोल रूमच्या पडद्यावर दाखवणाऱ्या आणि तिथून दिलेली आज्ञा दूरवर पोचवणाऱ्या व्यवस्थेला स्काडा म्हणतात. हे दोन शब्द लक्षात ठेवले की पुढचे सारे समजेल.

टाकीतला सेन्सर बिघडला तर आपण भिंतीवरचा स्विच ‘ऑटो’वरून ‘मॅन्युअल’वर टाकतो आणि कोणाला तरी गच्चीवर पाठवतो. कारखान्यातला मॅन्युअल पर्यायही मुळात एवढाच आहे. स्विच कुठे आहे ते माहीत हवे, तो चालू स्थितीत हवा आणि गच्चीवर जाऊन पाणी कुठवर आले ते ओळखणारा माणूस घरात हवा. या तिन्हींपैकी माणसाचा विसर सर्वांत आधी पडतो, असे माझे निरीक्षण आहे.

## हल्ला नेमका कशावर होतो?

सगळे हल्ले एका जातीचे नसतात आणि हाताने काय करावे लागेल ते हल्ला कशावर झाला यावर ठरते.

पहिली जात कार्यालयातल्या संगणकांवरच्या हल्ल्याची. ७ मे २०२१ रोजी अमेरिकेतल्या कोलोनियल पाइपलाइन या कंपनीच्या कार्यालयीन संगणकांतली माहिती खंडणीखोरांनी कुलूपबंद केली. पाइपलाइन चालवणारी यंत्रणा शाबूत होती. तरीही धोका तिच्यापर्यंत पोचू नये म्हणून कंपनीने स्वतःच सुमारे ८,८५० किलोमीटरची वाहिनी थांबवली. देशाच्या पूर्व किनाऱ्याला लागणाऱ्या इंधनापैकी जवळपास ४५ टक्के इंधन त्या वाहिनीतून जात होते. कंपनीने ७५ बिटकॉइनची खंडणी मोजली आणि १२ मे रोजी वाहिनी पुन्हा सुरू केली, पण तोवर अनेक राज्यांतल्या पंपांवर रांगा लागून पेट्रोल संपले होते.

दुसरी जात नियंत्रकांवरच्या हल्ल्याची. नोव्हेंबर २०२३ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या अलिक्विपा या गावाच्या पाणीपुरवठ्यातला एक पीएलसी हल्लेखोरांनी ताब्यात घेतला. तो एका बूस्टर पंपिंग केंद्रातला दाब सांभाळत होता. कर्मचाऱ्यांनी ती यंत्रणा बंद करून केंद्र हाताने चालवायला घेतले आणि पाणीपुरवठा टिकला. त्या बनावटीच्या उपकरणांचा कंपनीकडून येणारा पासवर्ड ११११ असा होता आणि तो ताबडतोब बदला, असे तिथल्या सरकारी यंत्रणेला नंतर जाहीरपणे सांगावे लागले.

तिसरी जात सर्वांत कठीण, कारण तिच्यात उपकरणे खोटे बोलू लागतात. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या विषाणूने इराणमधल्या नतांझ येथील अणुइंधनाच्या सेंट्रिफ्यूज या अतिवेगाने फिरणाऱ्या यंत्रांचा वेग बिघडवला आणि त्याच वेळी चालकांच्या पडद्यावर सर्व काही ठीक असल्याचे आकडे दाखवत ठेवले. पडदा काळा झाला तर माणूस सावध होतो. पडद्यावर नेहमीचेच आकडे दिसत असतील तर तो कशासाठी उठून बाहेर जाईल?

## युक्रेनमध्ये हाताने वीज कशी आली?

२३ डिसेंबर २०१५ च्या दुपारी पश्चिम युक्रेनमधल्या एका वीज वितरण कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये चालकांच्या डोळ्यांसमोर पडद्यावरचा माउसचा बाण आपोआप फिरू लागला. तो एकेका उपकेंद्राच्या चित्रावर जाई आणि ब्रेकर उघडी, म्हणजे तिथली वीज तोडी. चालकांनी माउस हलवून पाहिला, पण काही उपयोग झाला नाही. त्या दिवशी तीन वितरण कंपन्यांवर हल्ला झाला आणि सुमारे २,२५,००० ग्राहक अंधारात गेले.

हल्लेखोर महिनोन् महिने आत बसून तयारी करत होते. त्यांनी केवळ ब्रेकर उघडले नाहीत. उपकेंद्रांशी बोलणाऱ्या संपर्क-उपकरणांमधले मूळ सॉफ्टवेअर त्यांनी पुसून टाकले, त्यामुळे कंट्रोल रूममधून कोणतीही आज्ञा उपकेंद्रापर्यंत पोचेना. संगणकांमधली माहिती नष्ट केली. कंट्रोल रूमला आधार देणाऱ्या बॅटरी-व्यवस्थेतही ढवळाढवळ केली. ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या फोनवर खोट्या कॉल्सचा मारा केला, जेणेकरून कुठे वीज गेली आहे ते कंपनीला कळू नये.

आणि तरीही १ ते ६ तासांत वीज परत आली, कारण कर्मचारी गाड्या काढून उपकेंद्रांवर गेले आणि त्यांनी ब्रेकर हाताने लावले. यामागे तिथल्या व्यवस्थेचे जुनेपण होते. स्वयंचलन पूर्ण मुरलेले नव्हते आणि हाताने काम करणारी माणसे अजून कामावर होती. मात्र दोन महिने उलटल्यावरही तिथली नियंत्रण केंद्रे पूर्ववत झाली नव्हती, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

ब्रेकर हाताने लावणे म्हणजे काय, ते जवळून पाहू. आपल्याकडच्या ३३ केव्हीच्या उपकेंद्रात ब्रेकरच्या पेटीचे दार उघडले की आत मनगटाएवढी जाड स्प्रिंग दिसते. ब्रेकर क्षणार्धात लागावा म्हणून लागणारी ताकद या स्प्रिंगमध्ये साठवलेली असते. नेहमी एक लहान मोटर ती ताणते. मोटरला वीज मिळाली नाही तर यंत्रचालक लोखंडी दांडा खाचेत घालून स्प्रिंग हाताने ताणतो. प्रत्येक झोक्याला आतल्या दात्यांचा कट् असा आवाज येतो आणि पूर्ण ताणली गेली की पेटीवरच्या खिडकीतली खूण बदलते. मग बटण दाबायचे. पण त्याआधी त्या फीडरवर म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिनीवर कोणी जनमित्र म्हणजे लाइनमन काम करत नाही ना, लाइन क्लिअर म्हणजे वाहिनीवर काम करण्यासाठी दिलेला परवाना परत आला आहे ना, हे फोनवरून किंवा वायरलेसवरून विचारून, समोरच्याने सांगितलेले वाक्य त्याला पुन्हा म्हणून दाखवून, वेळेसह लॉगबुकात लिहावे लागते. यातले शेवटचे काम यांत्रिक नाही, पण माणसाचा जीव त्यावर असतो. संगणक चालू असताना अशा बऱ्याच चुका तोच अडवत असतो. तो नसेल तेव्हा त्या अडवण्याचे काम वहीला आणि शिस्तीला करावे लागते.

## ‘सगळे इंटरनेटवरून तोडून टाकले की काम झाले ना?’

हा प्रश्न मला प्रत्येक वेळी विचारला जातो आणि तो रास्त आहे. नियंत्रण यंत्रणा इंटरनेटपासून वेगळी ठेवणे आवश्यकच आहे. २०१९ मध्ये कुडनकुलम अणुवीज केंद्राच्या एका संगणकात घातक सॉफ्टवेअर सापडले, तेव्हा तो संगणक प्रशासकीय जाळ्यातला असून अणुभट्टीची नियंत्रण यंत्रणा त्या जाळ्यापासून वेगळी आहे, असे अणुऊर्जा महामंडळाने सांगितले होते. या वेगळेपणाचा फायदा उघड आहे.

मात्र वेगळे ठेवलेल्या जागीही माणसे ये-जा करतात. नतांझची यंत्रणा इंटरनेटला जोडलेली नव्हती. विषाणू आत नेण्याचे काम पेन ड्राइव्हसारख्या साध्या वस्तूंनी केले, असे मानले जाते. दुरुस्तीसाठी येणारा तंत्रज्ञ स्वतःचा लॅपटॉप पीएलसीला जोडतो. यंत्र पुरवणारी कंपनी देखभालीसाठी दूरवरून जोडणी मागते आणि करार करताना कोणीतरी ती देऊन टाकतो. भिंत बांधावीच, पण भिंत आहे म्हणून घरातला कंदील टाकून देऊ नये.

दुसरे असे की पहिल्या तासात हा हल्ला आहे की बिघाड, ते कोणालाच कळत नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली. त्यामागे सायबर घातपाताची शक्यता असल्याचे राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी मार्च २०२१ मध्ये सांगितले, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी ती मानवी चूक होती असे म्हटले. चौकशीला महिने लागतात. कंट्रोल रूममधल्या माणसाला मात्र कारण काहीही असले तरी त्याच मिनिटाला पुढचे पाऊल टाकावे लागते आणि ते पाऊल दोन्ही प्रसंगांत बरेचसे सारखेच असते.

## ‘पूर्वी तर सगळे हातानेच चालत होते!’

होय, पण पूर्वीची यंत्रे वेगळी होती, आणि हा या विषयातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे.

जुन्या धाटणीच्या बॉयलरमध्ये वर एक मोठा ड्रम असतो. त्यात पाणी आणि वाफ दोन्ही असतात, आणि पाण्याचा साठा बऱ्यापैकी असल्यामुळे सरावलेला चालक काचेच्या नळीतली पातळी पाहून पाण्याचा व्हॉल्व्ह कमी-जास्त करत तो काही काळ सांभाळू शकतो. कोराडीचे ६६० मेगावॉटचे संच सुपरक्रिटिकल जातीचे आहेत. त्यांच्यात दाब इतका जास्त असतो की पाणी उकळून बुडबुडे होण्याचा टप्पाच उरत नाही. पाणी नळ्यांतून एकदाच धावते आणि वाफ होऊन बाहेर पडते. मोठा साठा नाही, त्यामुळे चुकीला वेळही नाही. कोळसा, हवा आणि पाणी यांचे प्रमाण क्षणोक्षणी जुळवत राहावे लागते. हे काम दहा अनुभवी माणसांनी दहा हॅण्डव्हील म्हणजे व्हॉल्व्ह हाताने फिरवायची चाके धरूनही होणार नाही.

मग अशा संचासाठी मॅन्युअल पर्याय कोणता? सुखरूप थांबणे. चालू ठेवणे शक्य नसेल तिथे यंत्राला आणि माणसांना इजा न होता ते थांबवणे हाच हाताचा खरा पर्याय असतो, आणि थांबवणे म्हणजे बटण दाबून निघून जाणे नव्हे. टर्बाइनचा फिरता भाग, ज्याला रोटर म्हणतात, तो कित्येक टन वजनाचा असतो आणि मिनिटाला ३,००० फेरे घेत असतो. वाफ तोडल्यावरही तो बराच वेळ फिरत राहतो. त्या सर्व वेळात त्याच्या बेअरिंगना तेल मिळाले नाही तर धातूवर धातू घासून लाखमोलाचे यंत्र निकामी होते. म्हणून मोठ्या केंद्रांत सारी वीज गेली तरी बॅटरीवर चालणारा तेलाचा एक पंप राखून ठेवलेला असतो. रोटर थांबल्यावरही काम संपत नाही. गरम रोटर एका जागी स्थिर राहिला तर तो वाकतो. त्यामुळे थंड होईपर्यंत त्याला सावकाश फिरवत ठेवावे लागते. ते फिरवणारी यंत्रणाही बंद पडली तर अनेक टर्बाइनवर लांब दांडा लावून माणसांनी रोटर फिरवण्याची सोय असते. शेकडो मेगावॉट वीज देणारे यंत्र अवघड प्रसंगी दोन-चार माणसांच्या हातांनी थोडे थोडे फिरवले जाते, ही गोष्ट मला नेहमी विलक्षण वाटत आली आहे.

## कुकरची शिटी

काही राखीव उपाय असे असतात की त्यांना माणसाचाही हात लागत नाही. घरचा प्रेशर कुकर पाहा. शिटीचे वजन दाब वाढला की उचलले जाते. शिटीत डाळ अडकून ती बंद झालीच तर झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह वितळतो आणि वाफ बाहेर पडते. कुकरला हॅक करता येत नाही, कारण ठरवण्याचे काम तिथे वजन आणि वितळणारा धातू करतात.

बॉयलरवरचे स्प्रिंगचे सेफ्टी व्हॉल्व्ह याच तत्त्वावर चालतात. त्यांच्याखेरीज धोकादायक रसायनांच्या कारखान्यांत संकटसमयी सर्व काही थांबवणारी एक वेगळी संगणकीय सुरक्षा यंत्रणा असते. २०१७ मध्ये सौदी अरेबियातल्या एका पेट्रोकेमिकल प्रकल्पात हल्लेखोर नेमके त्याच यंत्रणेत शिरले. त्या नियंत्रकावर एक खरीखुरी, हाताने फिरवायची किल्ली असते. किल्ली ‘रन’वर असेल तर आतला कार्यक्रम, म्हणजे काय केव्हा करायचे याच्या सूचना, बदलता येत नाही, ‘प्रोग्रॅम’वर असेल तर येतो. ती ‘प्रोग्रॅम’वर राहून गेली होती. सुदैवाने हल्लेखोरांच्या चुकीने यंत्रणेने प्रकल्प थांबवला आणि घुसखोरी उघडकीस आली. शिफ्ट संपताना त्या किल्लीकडे एक नजर टाकण्याचे काम कोणाच्याही नेमणूकपत्रात लिहिलेले नसते, आणि म्हणूनच ते कोणाचे तरी नाव घालून लिहिले पाहिजे.

## ‘हॅण्डव्हील बसवलेले आहे, मग अडचण कसली?’

काही वर्षांपूर्वी हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी कामासाठी गेलो होतो. त्या दिवशी संगणकांच्या जाळ्यातला, जोडणी करणारा एक साधा स्विच जळाला आणि कंट्रोल रूमचे पडदे गोठले. हल्ला वगैरे काही नव्हते. थंड पाण्याच्या मुख्य वाहिनीवरचा मोटरने चालणारा व्हॉल्व्ह अर्धा बंद करायचा होता. एक तरुण ऑपरेटर धावत गेला आणि हॅण्डव्हील फिरवू लागला. चाक सहज फिरत होते. तो घामाघूम होईपर्यंत फिरवत राहिला, पण पाण्याचा आवाज बदलेना. व्हॉल्व्हचा क्रमांक लिहिलेली पितळी पट्टी रंगाच्या दोन-तीन थरांखाली गेली होती, त्यामुळे आपण भलताच व्हॉल्व्ह फिरवतो आहोत की काय, अशी त्याला शंका आली आणि तो शेजारच्या व्हॉल्व्हकडे वळला.

तेवढ्यात निवृत्तीला आलेले एक फिटरकाका आले. अशा व्हॉल्व्हच्या बाजूला एक छोटा खटका असतो. तो दाबल्याशिवाय हॅण्डव्हील आतल्या दांड्याला जोडलेच जात नाही, कारण एरवी मोटर चालताना चाक गरगर फिरून माणसाला लागू नये अशी ती रचना असते. काकांनी खटका दाबून धरला, चाक जड झाले, आणि पाण्याचा आवाज हळूहळू उतरला. त्या मुलाचा यात काहीही दोष नव्हता. त्याला पडदा शिकवला होता, खटका कोणी दाखवलाच नव्हता. काका पुढच्या काही महिन्यांत निवृत्त होणार होते आणि त्यांच्याबरोबर तो खटकाही निवृत्त होणार होता.

घरच्या इन्व्हर्टरचे असेच होते. घेतला तेव्हा तो उत्तम असतो. दोन वर्षे बॅटरीत पाणी घातलेले नसते, आणि मे महिन्याच्या रात्री लाइट गेल्यावर कूलर दहा मिनिटांत थांबतो, तेव्हा आपल्याकडे इन्व्हर्टर ‘होता’ एवढेच कळते.

मार्च २०१९ मध्ये नॉर्स्क हायड्रो या अॅल्युमिनियम कंपनीवर खंडणीचा हल्ला झाला. सुमारे ४० देशांत ३५,००० कर्मचारी असलेल्या या कंपनीला अनेक कारखाने हाताने चालवावे लागले. दारांवर हाताने लिहिलेल्या सूचना लागल्या की संगणक जाळ्याला जोडू नका. कागदावर छापून ठेवलेल्या जुन्या ऑर्डरी कामी आल्या आणि जुनी पद्धत माहीत असलेले निवृत्त कर्मचारी मदतीला परत आले. कंपनीने खंडणी दिली नाही. निवृत्तांच्या मदतीने कंपनीला तारले ही गोष्ट सुंदर आहे, पण ती योजना नव्हे. आणखी दहा वर्षांनी बोलावण्यासारखे कोणी उरणार नाही.

## पडदा नसेल तर पाहायचे कसे?

कृतीसाठी हात जितका आवश्यक तितकीच पाहण्यासाठी स्वतंत्र नजर. पाइपवर बसवलेला काट्याचा प्रेशर गेज, टाकीच्या कडेची काचेची नळी, धातूचा तापमापक ही साधने जाळ्याला जोडलेली नसतात, म्हणून त्यांना दुरून खोटे बोलायला लावता येत नाही. नवे प्रकल्प बांधताना खर्च वाचवण्यासाठी नेमकी हीच साधने गाळली जातात. माझे स्पष्ट मत आहे की ही बचत चुकीची आहे.

पाणीशुद्धीकरणाचे उदाहरण घेतले तर हे अधिक नीट कळेल. पावसाळ्यात नदीचे पाणी गढूळ होते आणि तुरटीचे प्रमाण वाढवावे लागते. किती, ते आता उपकरणे सुचवतात. ती नसतील तर केमिस्ट जार टेस्ट करतो : सहा सारख्या भांड्यांत तेच गढूळ पाणी, प्रत्येकात तुरटीची वेगळी मात्रा, सगळी एकाच वेगाने ढवळायची आणि मग थांबून कोणत्या भांड्यात गाळ लवकर व स्वच्छ बसतो ते पाहायचे. क्लोरीनसाठी आपल्या गावोगावच्या जलसुरक्षकांना ठाऊक असलेली ओटी टेस्ट आहे. नळाच्या पाण्यात थेंब टाकले की पिवळा रंग येतो आणि तो तक्त्याशी ताडून पाहतात. ग्राहकाच्या नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरले पाहिजे, असे भारतीय मानक सांगते. पडद्यावर कोणताही आकडा असला तरी काचेच्या नळीतला रंग आपले खरे सांगतो.

कागदाचेही तसेच आहे. कोणत्या पंपाला किती दाब हवा, कोणता व्हॉल्व्ह किती उघडा असतो, कोणाचा फोन नंबर काय, हे सारे संगणकात असेल तर हल्ल्याच्या दिवशी ते वाचता येणार नाही. छापील प्रत हवी, तीही या वर्षीची हवी, आणि ती साहेबांच्या कपाटात न राहता पॅनलजवळ हवी.

## ‘हातानेही चुका होतातच की!’

होतात, आणि स्वयंचलनापेक्षा अधिक होतात. म्हणूनच हाताने चालवताना उत्पादन कमी करावे लागते, गती उतरवावी लागते आणि माणसे वाढवावी लागतात. तीन माणसांच्या शिफ्टमध्ये चालणारे केंद्र हाताने चालवायला प्रत्येक महत्त्वाच्या जागी माणूस उभा करावा लागतो, आणि तो चोवीस तास उभा राहू शकत नाही. मॅन्युअल पद्धत किती तास किंवा किती दिवस पेलेल, तो आकडा आधीच काढून ठेवलेला असावा.

हा खर्च कशाला, असेही विचारले जाते. वर्षातून दोनदा, ठरवून, एखाद्या विभागाचा पडदा बंद करून तो दोन तास हाताने चालवायचा, एवढ्याला फार पैसा लागत नाही. लागते ती व्यवस्थापनाची तयारी, कारण त्या दोन तासांत उत्पादन घटते. आपल्याकडे वीज क्षेत्रासाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०२१ मध्ये सायबर सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि सायबर घटना ६ तासांत कळवण्याचे निर्देश सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २०२२ मध्ये दिले. घटना कळवण्याची घाई योग्यच आहे. पण त्या ६ तासांत पाणी आणि वीज कोण सांभाळणार, याचे उत्तर प्रत्येक केंद्राला आपल्या आवारातच तयार ठेवावे लागेल.

## परत ‘ऑटो’वर जाताना

हल्लेखोर बाहेर काढले, संगणक पुसून नव्याने उभे केले, तरी ताबडतोब स्विच ‘ऑटो’वर टाकायचा नसतो. पीएलसीमधला कार्यक्रम जाळ्याबाहेर ठेवलेल्या जुन्या स्वच्छ प्रतीशी ताडून पाहावा लागतो. हाताने चालवताना व्हॉल्व्ह समजा ४० टक्के उघडा ठेवला आहे आणि संगणकाच्या मनात तो ७० टक्के आहे. अशा वेळी ताबा एकदम दिला तर व्हॉल्व्ह झटक्याने उघडेल आणि पाइपात दाबाचा हबका बसेल. म्हणून आधी संगणकाला नुसते पाहू देतात. एक माणूस पाइपवरच्या गेजसमोर उभा राहून आकडा मोठ्याने सांगतो, कंट्रोल रूममधला दुसरा पडद्यावरचा आकडा वायरलेसवर वाचतो, आणि तिसरा दोन्ही आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहितो. काही तास ते जुळत राहिले की पहिल्या एका पंपाचा स्विच फिरवतात, थांबतात, पुन्हा आकडे घेतात, आणि मग दुसऱ्या पंपाकडे वळतात.